पाच जणी एकट्या

मराठी भाषेत हिशेबाचा एक घोटाळा फार जुना आहे आणि तो आजवर एकाही ऑडिटरच्या नजरेस आलेला नाही. पाच पुरुष प्रवासाला निघाले, तर आपण म्हणतो, ''पाच जण चाललेत.'' पाच बायका निघाल्या, की म्हणतो, ''एकट्याच चालल्यात?'' आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. पाच एके पाच इथवर तरी माझी मजल आहे. शिवाय वीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजल्याचा अनुभव पदरी आहे. काउंटरवर शंभराच्या पाच नोटा ठेवून कुणी ''ही एकच आहे'' म्हणाला, तर मी त्याला मॅनेजरसाहेबांच्या केबिनचा रस्ता दाखवीन. पण बायकांच्या बाबतीत ही बेरीज सगळा महाराष्ट्र बिनतक्रार पास करतो. बरे, याच पाच जणींबरोबर सहावीत शिकणारा, नाक ओढणारा एक चुलतभाऊ धाडला, की त्या ताबडतोब 'एकट्या' राहत नाहीत! म्हणजे पाच बायका बरोबर एक, आणि पाच बायका अधिक अर्धे तिकीट बरोबर भरभक्कम बंदोबस्त. हे गणित ज्याने मांडले, त्याला कुठल्या विद्यापीठाने पास केले असेल, देव जाणे.

हा घोटाळा उघडकीस यायला निमित्त झाली आमची भाची. तिचे लग्न ठरले आहे. तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी असा बेत केला, की लग्नाच्या आधी शनिवार-रविवार गाठून दक्षिणेतले एखादे ऐतिहासिक शहर पाहून यायचे. याला शहरात बॅचलरेट पार्टी म्हणतात म्हणे. बॅचलर हा शब्द मला ठाऊक होता. मी स्वतः बॅचलर ऑफ कॉमर्स आहे आणि लग्नाला अठरा वर्षे होऊनही विद्यापीठाने ती पदवी काढून घेतलेली नाही. पण त्याचे स्त्रीलिंग ऐकताच आमच्या निमगाव केतकीतल्या घरात जी शांतता पसरली, ती आमच्या शाखेत फक्त 'लिंक गेली' म्हटल्यावर पसरते.

मग ओट्यावर बैठक बसली. दाजी, दाजींचे थोरले बंधू, गावातली एक सर्वाधिकारी आत्या आणि मुलीचा मामा या नात्याने मी. लग्नात मुलीला बोहल्यावर आणून उभे करायचे काम मामाचे असते. त्यामुळे त्या आधी ती कुठे कुठे उभी राहिली, याचा जबाब मामाला विचारला जातो. हरकती एकूण तीन निघाल्या. मी त्या कारकुनी शिस्तीने क्रमवार घेतो.

हरकत पहिली : हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.

आपल्या संस्कृतीत लग्नाआधी काय बसते, ते पाहू. केळवणे बसतात. आमच्याकडे त्यांना गडंगनेर म्हणतात. म्हणजे नवऱ्या मुलीला नातेवाइकांनी घरोघर पाटावर बसवून पुरणपोळी, श्रीखंड, गुलाबजाम यांचा मारा करायचा. पाटावर बसलेली पोरगी 'पुरे' म्हणते, वाढणारी 'एवढ्याने काय होतंय' म्हणते. आमच्या भाचीची आजवर अकरा झाली आणि ब्लाउजांची शिवण दोनदा उसवली. खाण्याला संस्कृती आहे, हिंडण्याला नाही, असा हा न्याय दिसतो.

पण तोही खोटा आहे. बायकांनी बायकांत रात्रभर धुडगूस घालायचा, ही गोष्ट परदेशातून आलेली नाही. मंगळागौरीचे जागरण काय होते? फुगड्या, झिम्मा, पिंगा, पहाटेपर्यंत जाग आणि पुरुषांना मज्जाव! मात्र ते लग्नानंतर, सासरच्या छपराखाली. आणि त्याहून मोठा पुरावा आमच्या दारातच आहे. तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना आमच्या निमगावी मुक्कामाला असते. डोक्यावर तुळस घेतलेल्या हजारो बायाबापड्या दोन-अडीच आठवडे घराबाहेर असतात. उघड्यावर निजतात, गातात, फुगड्या खेळतात. ज्या आत्या आज ''पोरी एकट्याच?'' म्हणून गालावर हात ठेवतात, त्याच आत्या त्या बायकांना भाकरी बांधून देतात आणि पाया पडतात. तिथे कुणीही विचारत नाही, ''माउली, बरोबर पुरुष कोण आहे?'' अडीच आठवडे चालते, तर दोन दिवस का चालू नयेत? आणि पुरुषच हवा असेल, तर विटेवरचा आहे की! तो अठ्ठावीस युगे दुसरीकडे कुठे गेलेला नाही.

दाजींचे बंधू म्हणाले, ''वारीची गोष्ट वेगळी. तो धर्म आहे.'' असेल. पण मग होणाऱ्या जावयाची मित्रमंडळी त्याला घेऊन गोव्याला चालली आहेत, तो कुठला धर्म? त्यावर ओट्यावरून एकमुखाने उत्तर आले, ''जाऊ द्या, पोरं आहेत.'' हे 'पोरं आहेत' म्हणजे आमच्याकडचा कोरा चेक आहे. त्यावर रक्कम घरची मंडळी कधीच विचारीत नाहीत.

हरकत दुसरी : खर्च.

ही हरकत बँकेच्या माणसासमोर काढायला नको होती. मी तिथेच आहेराच्या पाकिटाच्या पाठीवर अंदाजपत्रक मांडले. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. इंदापूरहून सोलापूर अर्ध्या भाड्यात. पुढे विजापूर शंभरेक किलोमीटर. भीमा ओलांडली, की कर्नाटक लागते. तिथे ११ जून २०२३ पासून सरकारी बसमध्ये बायकांना तिकीटच नाही, पण ते तिथल्या रहिवासी बायकांना. आमच्या पोरींना पुरे पैसे पडतील. तरीसुद्धा पाच जणींचा दोन दिवसांचा सगळा खर्च लग्नातल्या डीजेच्या एका तासात बसतो. दोन-दोन राज्यांची सरकारे, दोन निराळ्या पक्षांची, बायकांना म्हणताहेत, ''बायांनो, बाहेर पडा, भाडे आम्ही बघतो.'' आणि ओट्यावरचे सरकार म्हणते, ''घरी बसा.'' सांगा, सार्वभौम कोण?

हरकत तिसरी : काही झाले म्हणजे?

ही हरकत मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. काही होऊ शकते, हे मला पेपर वाचून ठाऊक आहे. म्हणून दिवसाउजेडी जावे, मुक्कामाची जागा आधी ठरवावी, फोन चालू ठेवावा. हे सारे पोरींनी स्वतःच कागदावर लिहून आणले होते. माझा सवाल एवढाच आहे, की हा प्रश्न आपल्याला नेमका याच वेळी कसा सुचतो? दोन वेळा कांदेपोहे आणि एकदा साखरपुडा एवढ्या ओळखीवर आपण मुलीला एका परक्या माणसाबरोबर, परक्या गावात, परक्या घरात जन्मभरासाठी धाडतो. तेव्हा ती खरोखर एकटी असते. तेव्हा ओट्यावरचा एक गृहस्थ म्हणत नाही, ''काही झाले म्हणजे?'' उलट सनईवाल्याला म्हणतो, ''जरा जोरात वाजव.'' बँकेत कर्ज देताना आम्ही दोन जामीनदार घेतो. इथे तेवढेही नाहीत.

आता विजापूरच का? मैत्रिणींत गोवा, हंपी, म्हैसूर अशी नावे निघाली होती. पण भाची पडली इतिहासाची पदवीधर. तिचे म्हणणे, इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीतला परगणा. मालोजीराजांची गढी आपल्या तालुक्याच्या गावी, आणि शहाजीराजांनी ज्या दरबारात चाकरी केली तो दरबार विजापुरात. तेव्हा हे काही परके गाव नव्हे, आपलेच जुने हेड ऑफिस आहे! (१ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे सरकारी नाव विजयपूर झाले आहे, पण आमच्या आत्या त्याला विजापूरच म्हणतात आणि आत्यांपुढे राजपत्राचे चालत नाही.)

शिवाय तिथे गोलघुमट आहे. महंमद आदिलशहाची कबर. घुमटाच्या आत वर गोल सज्जा आहे. तिथे भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, की समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू येतो. आमच्या गावच्या पोरींना याचे अप्रूप वाटू नये, असे मला वाटते. निमगावात पानांच्या बाजारात कुणी कुजबुजले, तर पानमळ्यात ऐकू जाते, आणि तेही घुमट न बांधता! पण फरक आहे. तिथे मैत्रिणीच्या कानात सांगितलेले मैत्रिणीलाच ऐकू येते. इथे ते आधी सासरी पोचते.

त्या गावात नव्या नवरीने पाहण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक चांदबीबीची आठवण. ही निजामशाहीतली, अहमदनगरची लेक. तालिकोटच्या १५६५ च्या लढाईआधी दोन दरबारांचे सूत जुळावे म्हणून तिला विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला दिला. (हे वरपक्षाच्या कानावर जाऊ देऊ नये.) १५८० मध्ये नवरा गेला. गादीवर बसलेला पुतण्या अजाण, म्हणून कारभार तिने पाहिला. कारस्थानी सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, त्यातूनही ती सुटली. पुढे १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा माहेरचा किल्ला हिनेच लढवला. अहमदनगरला ओतलेली मुलूखमैदान तोफ परांड्यामार्गे विजापुरास आली, ती आजही तिथेच पडून आहे. चांदबीबी मात्र माहेरी अडचण आली तेव्हा परत फिरली. सासरी गेलेली पोरगी आणि तोफ यांत काय फरक असावा, हे लग्नाआधी पाहून आलेले बरे.

दुसरी जागा गावाबाहेर आहे. तिला साठ कबर म्हणतात. एका मापाच्या कबरींच्या रांगाच रांगा. आख्यायिका अशी, की शिवाजी महाराजांवर चालून येण्याआधी अफझलखानाला आपण परत येत नाही असे भाकीत झाले, म्हणून त्याने आपल्यामागे दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत यासाठी आपल्या बायका बुडवून मारल्या. खरे-खोटे त्या दगडांना ठाऊक. आणि यात कुणी धर्म शोधू नये. नवऱ्यामागे बायको उरू नये म्हणून आपणही चिता पेटवीत होतो. ती बंद करायला १८२९ साली बंगाल प्रांतात कायदा करावा लागला. मला त्या रांगांत दिसते, ते एवढेच : बाई ही कुणाच्या तरी हवाली असलेली वस्तू आहे, ती बेवारस सुटता कामा नये. 'पोरी एकट्याच?' हा आमच्या ओट्यावरचा प्रेमळ प्रश्न त्याच विहिरीचे पाणी पिऊन वाढलेला आहे. पाणी आता गाळून घेतो, एवढाच फरक.

एका बाबतीत मात्र मी ओट्याच्या बाजूचा आहे. 'होणारी वधू' असा पट्टा गळ्यात, पाच जणींचे एकसारखे गुलाबी शर्ट, फुग्यांची कमान आणि प्रत्येक कमानीपुढे चाळीस फोटो, असले तयार पाकीट विकत घेऊन कुणी चालले असेल, तर तो मला बाराव्या गडंगनेराचाच प्रकार वाटतो. तिथे आत्या वाढतात, इथे कंपनी वाढते. पोरीने पोट फुटेस्तोवर घ्यायचे, एवढाच नियम.

खरी गोष्ट फोटोंची नाहीच. माझे शाळेतले मित्र आजही संध्याकाळी चौकात भेटतात. लग्ने झाली, पोटे सुटली, एक-दोघांची कर्जे थकली, पण कट्टा सुटला नाही. माझ्या बायकोची शाळेतली जिवाची मैत्रीण इथून तासाभराच्या अंतरावर दिली आहे. अठरा वर्षांत दोघी भेटल्या त्या तीन लग्नांत, दोन दहाव्यांना आणि एका बारशाला. प्रत्येक वेळी पंगत उठायच्या आत बोलणे उरकायचे, आणि कडेवर कुणाचे तरी मूल. पुरुषाचे लग्न झाले, की त्याच्या मित्रांना एक वहिनी मिळते. बाईचे लग्न झाले, की तिच्या मैत्रिणींचे खाते बंद होते. शिल्लक रक्कम कुणी विचारीत नाही. त्या पाच पोरींना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून त्यांना दोन दिवस हवे आहेत. विजापूर नव्हे, दोन दिवस. घुमट निमित्ताला आहे.

आणि बरोबर कुणी हवेच असेल, तर नदी आहे. आमची भीमा ही बाईच. भीमाशंकरला निघते, आमच्या तालुक्याच्या कडेने उजनीत घटकाभर विसावते, पंढरपुराला नाव बदलून चंद्रभागा होते, तिथून कर्नाटकात शिरते आणि शेवटी कृष्णेला, म्हणजे आपल्या मैत्रिणीलाच जाऊन मिळते. वाटेत तिला अजून एकाही दाजीने हटकलेले नाही.

तेव्हा मुलीचा मामा या नात्याने मी असा ठराव मांडतो, की उरलेली गडंगनेरे रद्द करून त्यांचे पैसे पोरींच्या हाती द्यावेत. सहावीतल्या चुलतभावाला घरीच अभ्यासाला बसवावे. आणि यापुढे गावात कुणी ''बरोबर कोण आहे?'' असे विचारलेच, तर 'कुणी नाही' असे न सांगता ''मैत्रिणी आहेत'' असे सांगावे. चार मैत्रिणी म्हणजे चार माणसे. रोखपालाने मोजून घेतली आहेत. नजरचुकीने एकही कमी नाही.