फळपेयातील जिवाणूंची शहानिशा

आंबवलेल्या फळरसाच्या बाटल्या आता शहरांतील दुकानांत सर्रास दिसू लागल्या आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या वेष्टनावर जिवंत उपकारक जिवाणूंची ग्वाहीही ठळक अक्षरांत छापलेली असते. परंतु ते जिवाणू कोणत्या प्रजातीचे, कोणत्या जातीचे आणि त्या जातीतील नेमक्या कोणत्या वाणाचे, याचा खुलासा जोवर त्याच वेष्टनावर होत नाही, तोवर ती ग्वाही ग्राह्य धरण्यास काहीही आधार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुर्कस्तानातील थ्रेस प्रांतात हार्दालिये नावाचे द्राक्षांचे पेय परंपरेने केले जाते. चेचलेल्या द्राक्षांत भरडलेली मोहरी आणि आंबट चेरीची पाने घालून ते मिश्रण आठवडा-दहा दिवस मुरू देतात; मोहरीतील उग्र तेलामुळे यीस्टच्या वाढीस अटकाव होतो, आणि एरवी सहजगत्या मद्याकडे वळणारा द्राक्षरस लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंच्या स्वाधीन होतो. ज्या अनामिक गृहिणींनी ही युक्ती शोधली त्यांच्या निरीक्षणशक्तीविषयी मला नितांत आदर वाटतो. या पेयातील पॅराकेसाय, ब्रेव्हिस, पॉन्टिस इत्यादी जातींची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली, त्या वेळी त्या सर्व लॅक्टोबॅसिलस या एकाच प्रजातीत मोडत होत्या. २०२० साली जनुकसंचांच्या तुलनेवरून त्या विस्तीर्ण प्रजातीची २५ प्रजातींत फेरमांडणी झाली, तेव्हा याच तीन जाती अनुक्रमे लॅक्टिकेसिबॅसिलस, लेव्हिलॅक्टोबॅसिलस आणि लिमोसिलॅक्टोबॅसिलस अशा तीन निरनिराळ्या प्रजातींत दाखल झाल्या. जुन्या दप्तरांतील निष्कर्ष त्यामुळे रद्दबातल ठरत नाहीत; मात्र नव्या नोंदींशी ते पडताळून पाहणे अगत्याचे झाले आहे.

ही पडताळणी सोपी नाही. पेयाचा नमुना १९६० साली सिद्ध झालेल्या एमआरएस या पोषकद्रव्यावर वाढवावयाचा, ग्रॅमच्या रंगाने जांभळ्या होणाऱ्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला असता बुडबुडे न देणाऱ्या वसाहती निवडावयाच्या, त्या ग्लुकोजपासून वायू सोडतात की नाही आणि कोणकोणत्या शर्करा आंबवतात हे पाहावयाचे, असा हा पूर्वापार शिरस्ता आहे. परंतु एमआरएसमधील शर्करा ग्लुकोज, तर फळांच्या सान्निध्यात राहणाऱ्या फ्रुक्टोबॅसिलससारख्या काही जिवाणूंना फ्रुक्टोजच अधिक मानवते. ग्लुकोजवर त्यांची वाढ इतकी मंद असते की, ज्या पेयात ते विपुल असतील त्याच पेयाच्या तपासणीत त्यांचा मागमूसही न लागण्याचा संभव असतो. पुढे १६एस या जनुकाचा अनुक्रम वाचला, तरी प्लँटारम, पेंटोसस आणि पॅराप्लँटारम या निकटच्या जातींत तो जवळजवळ समान असल्याने त्यांच्यापुरता निर्णय लागत नाही. तेथे आरईसीएसारखे दुसरे जनुक अथवा संपूर्ण जनुकसंचच तपासावा लागतो. केवळ शर्करांच्या तक्त्यावरून जातीचा दाखला देणे हे आजच्या काळात निष्काळजीपणाचेच मानले पाहिजे.

वाणाविषयीचा माझा आग्रह पांडित्याच्या हौसेपोटी नाही. एकाच ब्रेव्हिस जातीतील काही वाण टायरामीन निर्माण करतात आणि काही करीत नाहीत. काही औषधांच्या सेवनकाळात हे द्रव्य रक्तदाब एकाएकी वाढवू शकते. त्याचप्रमाणे प्रतिजैविकांना न जुमानणारी आणि इतर जिवाणूंकडे संक्रमित होऊ शकणारी जनुके एका वाणात असतात, तर त्याच्या सख्ख्या भावंडात नसतात. एका वाणावर झालेल्या प्रयोगांचे श्रेय त्याच जातीतील दुसऱ्या वाणाने घेणे, ही ग्राहकाची उघड फसवणूक होय.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रजाती, जाती आणि वाण यांचा वेष्टनावर उल्लेख असावा, तसेच तो वाण मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा, असे सांगितलेच आहे. असे संग्रह आपल्या पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहेत, तेव्हा सोयीच्या अभावाची सबब येथील उत्पादकांना पुढे करता येणार नाही. शासनाने या तत्त्वांची अंमलबजावणी कसोशीने करावी. आणि वाचकांनीही पुढील बाटली विकत घेण्यापूर्वी तिच्यावर वाणाचे नाव किंवा क्रमांक आहे की नाही हे पाहावे, आणि तो नसेल तर उत्पादकाकडे त्याची लेखी मागणी करावी.