बेस्टला वाली कोण?

मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट 9 मे 2025 रोजी पाचाचे दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहाचे बारा. त्या दिवशी शहराला महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते, बेस्ट समितीही नव्हती. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून प्रशासकांचेच राज्य होते. ज्यावरून एरवी सभागृह डोक्यावर घेतले गेले असते, असा निर्णय फायलींतून गुपचूप पार पडला. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर महापौरांचे दालन पुन्हा गजबजले आहे. भाडेवाढ आमच्या काळातली नाही, असे सांगून त्यांना काही महिने निभावून नेता येईल, पण त्यापुढे नाही.

तिकीट कधीच वाढू नये, असे आमचे म्हणणे नाही. खरे दुखणे 2019 चे आहे. त्या वर्षी जुलैत आठ रुपयांचे किमान तिकीट पाचावर आणले गेले. प्रवासी परतले आणि टाळ्याही पडल्या. मात्र त्या पाच रुपयांत न मावणारा खर्च दरवर्षी कोणी भरायचा, हे कोणी ठरवलेच नाही. पूर्वी बेस्टच्याच वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघे. 2003 च्या वीज कायद्यानंतर ती वाटही आटत गेली. मग पालिकेचे अनुदान आले, तेही अटी घालून आणि हात पसरायला लावून. स्वमालकीच्या 3,337 बस राखण्याचे कामगार संघटनांना दिलेले वचन कागदावरच राहिले. आज स्वतःच्या बस हजाराच्याही आत आहेत आणि बाकी सगळा कारभार भाडेतत्त्वावर चालतो. निवृत्त कर्मचारी ग्रॅच्युइटीसाठी खेटे घालत आहेत.

दुप्पट तिकिटाचा भार कोणावर पडला, ते पाहा. घरून स्टेशनला एक बस आणि स्टेशनवरून कामाला दुसरी, असे करत धुणीभांडी करणाऱ्या बाईला दिवसाला वीस रुपये लागत. आता चाळीस लागतात. पासाचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी काढणे तिच्यासारखीला जमतेच असे नाही. बरे, दहा रुपये मोजून बस वेळेवर येते का? कुर्ला स्टेशनबाहेर संध्याकाळी उभे राहा. बसची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली असते आणि शेजारून शेअर रिक्षा भरभरून सुटत असतात. थांबून कंटाळलेला प्रवासी रिक्षात बसतो आणि बेस्टच्या हिशेबात तो ‘घटलेला प्रवासी’ ठरतो.

पैसा नाही, हे तर ऐकवूच नये. पालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यात बेस्टच्या वाट्याला आले 1,000 कोटी, म्हणजे दीड टक्काही नाही. सागरी किनारा मार्गावर सुमारे 14,000 कोटी खर्च झाले आणि तिथून जाणाऱ्या मोटारीला टोल नाही. तो रस्ता तोट्यात चालला आहे, असे कोणी म्हणत नाही. तोट्याचा शिक्का फक्त बसवर बसतो आणि मग आगारांच्या जागांचा व्यापारी विकास हाच उतारा म्हणून पुढे केला जातो.

भाड्याचा जाब कोणाला विचारायचा, यासाठी लंडनकडे पाहा. तिथले महापौर सादिक खान यांनी 2016 मध्ये भाडे गोठवण्याचे वचन देऊन निवडणूक जिंकली. सरकारी अनुदान आटत असताना भाडे चार वर्षे तसेच ठेवल्याने तिजोरीला खड्डा पडला, कोविडमध्ये सरकारपुढे झोळी पसरावी लागली आणि नंतर दरवाढही करावी लागली. धोरण म्हणून ते कच्चेच होते. पण लंडनकरांना जाब कोणाला विचारायचा, हे ठाऊक होते. 2021 आणि 2024 मध्ये खान यांना त्याच मतदारांपुढे उभे राहावे लागले.

आपल्याकडे 1888 च्या महापालिका कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे दिले आणि महापौरांकडे मान ठेवला. ही अडचण खरी, पण अर्थसंकल्पाला मंजुरी सभागृहच देते आणि त्या सभागृहाचे अध्यक्षस्थान महापौरांकडेच असते. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करण्याची मागणी जुनी आहे. महापौरांनी तो प्रस्ताव पटलावर आणावा, अनुदानाचा ठरावीक हिस्सा पाच वर्षांसाठी बांधून घ्यावा आणि स्वमालकीच्या बस किती व कधी घेणार, याचे वेळापत्रक मागावे. ते होईपर्यंत भाडेवाढीच्या पुढच्या फायलीवर सभागृहाने चर्चासुद्धा करू नये.