शिक्क्यामागचा नियम

बँकेत गृहकर्जाच्या फाइली हाताळताना मंजूर नकाशाची प्रत रोज समोर येई. कोपऱ्यात शिक्का, शिक्क्यावर सही. ती दिसली की आम्ही पुढच्या कागदाकडे वळत असू. जिना पुरेसा रुंद आहे की नाही, हे सही करणाऱ्याने पाहिले असणार, असा आमचा विश्वास. त्याने ते कसे पाहिले, हे आम्ही कधी विचारले नाही.

आता ही तपासणी हळूहळू संगणकाकडे जात आहे. सिंगापूरने १९९५ साली सुरू केलेल्या 'कोरनेट' योजनेतून या कामाला पुढे हात घातला. महाराष्ट्रातल्या काही महापालिकांतही आराखडे संगणकाकडून तपासून घेतले जातात. हे चांगलेच झाले. नियम शेकडो, पोटनियम त्याहून अधिक. माणसाचा डोळा थकतो, यंत्र थकत नाही. अडचण दुसरीकडे आहे. यंत्रात घातलेला नियम प्रोग्रामरच्या भाषेत असतो. नियम जाणणाऱ्या अभियंत्याला ती भाषा येत नाही आणि प्रोग्रामरला नियमातली मेख ठाऊक नसते. अर्जदाराच्या हाती पडतो तो निव्वळ निकाल.

जर्मनीत म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील प्रायडेल आणि बोरमान या संशोधकांनी २०१५च्या सुमारास यावर एक तोड सुचवली. नियम चित्रात मांडायचा. पडद्यावर एक चौकट इमारतीच्या संगणकीय प्रतिकृतीतून खोल्या निवडते, दुसरी त्यांचे क्षेत्रफळ काढते, तिसरी ते नियमातल्या आकड्याशी ताडून पाहते. चौकटी रेघांनी जोडलेल्या. घरात राहण्याची एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर आणि २.४ मीटर रुंद हवी, असे आपली राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. एवढे वाक्य अशा मोजक्या चौकटींत मावते, आणि खोली नेमकी कुठे अडली ते बोट ठेवून दाखवता येते.

पण 'पुरेसा', 'सोयीचा', 'बऱ्याच अंशी' हे शब्द चौकटीत कसे बसवायचे? दिल्लीच्या 'उपहार' चित्रगृहात बाल्कनीतल्या ३७ जादा खुर्च्या नियमांशी बऱ्याच अंशी जुळतात, असे ठरवून १९७९ साली तशाच राहू दिल्या गेल्या. १३ जून १९९७ रोजी तिथे आग लागली. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. ५९ माणसे गेली.

'बऱ्याच अंशी' म्हणजे किती, हे चौकट काढणाऱ्याला लिहावेच लागेल. या पद्धतीचे खरे मोल मला यातच दिसते. आकडा लिहिला की तो कुणी लिहिला, हे विचारता येते. म्हणून नियमावली जशी छापून विकत मिळते, तशीच ही चित्रेही सर्वांना पाहायला मिळाली पाहिजेत, आणि प्रत्येक चित्राखाली ते मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याची सही पाहिजे.

संगणक तपासतो तो आराखडा. जिन्यात रचलेली खोकी आणि कुलूप घातलेले मागचे दार त्याला दिसत नाही. यंत्राने अधिकाऱ्याचे चार तास वाचवले, तर ते त्याने टेबलाशी घालवू नयेत. इमारतीत जावे, जिना चढून पाहावा आणि मगच शिक्का मारावा.