‘इद्दतीपुरती’ की ‘इद्दतीच्या मुदतीत’?

‘शाहबानोला सुप्रीम कोर्टाने पोटगी दिली, राजीव गांधींच्या सरकारने कायदा करून ती काढून घेतली आणि तेव्हापासून तलाक झालेल्या मुस्लिम बाईला फक्त इद्दतीपुरती पोटगी मिळते.’ लॉच्या विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांत, शिबिरांतल्या भाषणांत, टीव्हीवरच्या भांडणांत हे वाक्य इतक्या सहजपणे येतं की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही. मौलाना ते समाधानाने सांगतात, आपले सुधारणावादी मित्र संतापाने सांगतात. पण त्याचा शेवटचा भाग चुकीचा आहे, निदान पंचवीस वर्षांपासून.

1986 च्या कायद्याचं कलम 3 उघडून बघा. घटस्फोटित स्त्रीसाठी वाजवी आणि न्याय्य तरतूद आणि पोटगी इद्दतीच्या मुदतीच्या आत द्यावी, असं तिथे लिहिलं आहे. मूळ इंग्रजीत शब्द ‘विदिन’ आहे, ‘फॉर’ नाही. शाहबानोचे वकील डॅनियल लतीफी यांनीच या कायद्याला आव्हान दिलं, आणि 28 सप्टेंबर 2001 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा टिकवला, पण याच शब्दाच्या आधारे त्याचा अर्थ लावला. नवऱ्याने इद्दत संपायच्या आत तिच्या पुढच्या आयुष्याची तरतूद करायची. मुदत आहे ती देण्याला, तिच्या पोटाला नाही. आपल्या मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने करीम अब्दुल रहमान शेख प्रकरणात 2000 सालीच असा अर्थ लावला होता. मराठीत मात्र आपण ‘इद्दतीपुरती’ लिहून मोकळे होतो आणि एका प्रत्ययाने अख्खा निकाल पुसून टाकतो.

हा काही व्याकरणाचा वाद नाही. मोहल्ल्यातल्या बैठकीत कुणीतरी शिकलेला मुलगा सांगतो, ‘आपा, कायद्याने तीन महिन्यांचंच मिळतं,’ आणि ती बाई मेहर आणि तीन महिन्यांचे पैसे घेऊन माहेरी जाते. त्या मुलाने हे कुठे वाचलं? कुणाच्या तरी लेखात. त्या लेखकाने? दुसऱ्या लेखात. साखळीत कलम 3 कुणीच उघडलेलं नसतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुन्या आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन वाचून कोड लिहिणाऱ्याला सीनियर लोक फार वेळ सहन करत नाहीत. कायद्यालाही आवृत्त्या असतात. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं कलम 125 आता कलम 144 आहे. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, 10 जुलैला, सुप्रीम कोर्टाने तेलंगणातल्या एका प्रकरणात सांगितलं की 1986 चा कायदा असला तरी तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीला कलम 125 चा मार्गही खुला आहे. शोधनिबंधात 1985 पासून उडी मारून थेट ‘आज’वर येणाऱ्याने हे सगळं कुठे ठेवलं?

मूळ निकाल उघडणारे असतात, पण तेही पहिली दहा पानं वाचून थांबतात. शायरा बानो निकाल याचा सर्वांत वाईट नमुना. 22 ऑगस्ट 2017 चा हा निकाल जवळपास चारशे पानांचा आहे आणि त्याचा सुरुवातीचा मोठा भाग सरन्यायाधीश खेहर यांचा आहे, न्या. नझीर यांच्या सहमतीचा. तिहेरी तलाक हा व्यक्तिगत कायद्याचा भाग असून त्याला कलम 25 चं संरक्षण आहे, असं तिथे म्हटलं आहे. ते अल्पमत आहे! तिथला उतारा उचलून खाली ‘सुप्रीम कोर्ट म्हणते’ असं लिहिणारा हरलेल्या बाजूचं मत निकाल म्हणून खपवतो. उलट बाजूचे म्हणतात, ‘कोर्टाने तिहेरी तलाक कुराणविरोधी ठरवला.’ हा तर्क न्या. कुरियन जोसेफ यांचा. न्या. नरिमन आणि न्या. लळित कलम 14 च्या वाटेने गेले: 1937 चा कायदा या तलाकला मान्यता देतो आणि तेवढ्यापुरता तो मनमानी ठरतो. 1937 चा कायदा तिहेरी तलाकचं नियमन करतो की नाही यावर बहुमतातल्या तिघांचंही एकमत नव्हतं. ज्याला या निकालावर लिहायचं आहे त्याने तिन्ही मतं वाचावीत, नाहीतर दुसरा विषय घ्यावा.

2019 च्या कायद्याचंही तेच. ‘आता तलाक देणं गुन्हा आहे’ असं सर्रास लिहिलं जातं. कायद्यातली तलाकची व्याख्या वाचली तर कळतं की ती तात्काळ आणि परत न घेता येणाऱ्या तलाकपुरती आहे. व्याख्येचं कलम कायद्याच्या सुरुवातीलाच असतं, तिथपर्यंत जायला दोन मिनिटं लागतात.

मग ‘शरियत काय म्हणते’ हे कुठून घ्यायचं? 1937 चा शरियत कायदा ते सांगत नाही. कोणत्या बाबींना शरियत लागू, एवढंच तो सांगतो, आणि शेतजमिनीचे प्रश्न त्यातून वगळतो. म्हणून वकील मुल्लांचं पुस्तक काढतात, आणि पुष्कळ पोरांना ते कुणा मौलानाचं वाटतं. दिनशा मुल्ला पारशी होते, उत्तम कायदेपंडित होते, पण त्यांचं पुस्तक म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. त्याच्याही मागे हॅमिल्टनचा 1791 चा ‘हिदाया’ आहे, मूळ अरबीवरून नव्हे, फारसी भाषांतरावरून इंग्रजीत आणलेला. अशा पुस्तकाचा दाखला जरूर द्या, पण ‘इस्लाम म्हणतो’ असं नव्हे, ‘अमुक ग्रंथात असं आहे’ असं लिहून.

आता चॅटबॉट आले आहेत. मी रोज ते वापरतो, त्यामुळे मला भीती दाखवू नका आणि भुरळही घालू नका. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. बॉटने प्रकरणाचं नाव दिलं की ते नाव कोर्टाच्या साइटवर सापडतं का ते बघायचं. सापडलं नाही तर तो निकाल नाही, विषय संपला.

‘आमच्याकडे लायब्ररी नाही, महागडे डेटाबेस नाहीत’ ही सबब आता चालणार नाही. कायद्याचा मजकूर इंडिया कोडवर फुकट आहे. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत अहवाल 2023 पासून ई-एससीआरवर फुकट आहेत. इंडियन कानून ही साइट तर एका सॉफ्टवेअर इंजिनिअरनेच उभी केली. शोधायला ती वापरा, उद्धृत करण्याआधी अधिकृत प्रतीशी ताडून पाहा. निकालाच्या वर छापलेला सारांश, म्हणजे हेडनोट, संपादकाचा असतो, न्यायाधीशाचा नसतो. परिच्छेद क्रमांक निकालातला द्यायचा. काही निकाल मराठीतही मिळतात. समजून घ्यायला ते चांगले, पण त्यांच्यावरच लिहिलेलं असतं की अधिकृत मजकूर इंग्रजीचा.

इंग्रजी जड जातं, हे खरं आहे. मग दोघं-तिघं मिळून वाचा. उर्दू शाळेतून आलेली आणि मराठी शाळेतून आलेली पोरं एकत्र बसली की इंग्रजी निकाल फुटतो, हे मी पाहिलं आहे.

सुरुवात जवळून करायची असेल तर 2002 चा दगडू पठाण विरुद्ध रहीमबी घ्या. मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठाचा निकाल, 2 मेचा. ‘मी तलाक दिला आहे’ एवढं कोर्टात लिहून दिल्याने तलाक होत नाही, कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो, असं त्यात आहे. दिल्लीतला प्रसिद्ध शमीम आरा निकाल पाच महिन्यांनंतरचा, 1 ऑक्टोबरचा. निबंधांत शमीम आरा सापडते, रहीमबी सापडत नाही.