परक्या मुलखातील खरेदीखत

पुण्या-मुंबईच्या तारांकित हॉटेलांतून सुटीच्या दिवशी भरणारी दुबईच्या सदनिकांची प्रदर्शने आता नवलाईची राहिलेली नाहीत. काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती, टाय बांधलेले हसतमुख तरुण आणि ‘आजच नोंदणी केल्यास’ मिळणारी सवलत असा तो थाट असतो. तेथे येणारी मंडळी काही सट्टेबाज नसतात. निवृत्त अभियंता, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले दांपत्य, मुलगा आखातात नोकरीला असलेले आई-वडील अशी ही आपल्याच परिचयाची माणसे. डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये दोन खोल्यांची जागा घेताना याच गृहस्थांनी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध करवून घेतलेला असतो. परंतु येथे अर्ध्या तासात चाळीस पानी करारावर सह्या होतात आणि धनादेशही फाडला जातो. ही विसंगती चिंता वाटावी अशीच आहे.

परदेशात घर घेणे हा गुन्हा नव्हे, आणि त्यात राष्ट्रद्रोह शोधण्याचेही कारण नाही. रिझर्व्ह बँकेच्या २००४ सालच्या उदारीकृत योजनेखाली आज निवासी भारतीयास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठविता येतात व त्यातून मिळकत घेता येते. मात्र ही मुभा शासनाच्या हाती आहे, याचे भान असावे. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरू लागताच ही मर्यादा ७५ हजार डॉलरवर आणून मिळकत-खरेदीला बंदीच करण्यात आली होती. ती २०१४ साली उठली. ज्यांचे हप्ते त्या काळात देय झाले असतील, त्यांची अवस्था कल्पनेनेच जाणावी. शिवाय वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठविलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. ५० लाख पाठविले, तर ८ लाख वेगळे भरावे लागतात. ते पुढे आपल्या आयकरात वळते होतात हे खरे, पण तोवर अडकून पडतात.

दुबईचा कायदा अगदीच मोकाट आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. २००६च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने तेथील मिळकतींची रीतसर नोंदवही उभी केली. बांधकामाधीन प्रकल्पांसाठी ग्राहकांचा पैसा स्वतंत्र एस्क्रो खात्यातच जमा व्हावा, असे २००७च्या कायद्याने ठरविले, आणि २००८च्या कायद्याने अशा अपूर्ण सदनिकांची तात्पुरती नोंद सक्तीची केली. त्याच सुमारास जागतिक मंदीने कित्येक प्रकल्प अर्धवट राहिले वा गुंडाळले गेले, हेही विसरता येत नाही. तरीही व्यवस्था आहे, आणि काही बाबतींत ती आपल्यापेक्षा झटपट आहे. अडचण आहे ती आपण ती वाचतच नाही, ही.

एक उदाहरण घेऊ. समजा सदनिकेची किंमत १० लाख दिरहम आहे. खरेदीदाराने २ लाख भरले, बांधकाम सुरू झाले, पण ते ६० टक्क्यांच्या खाली आहे, आणि पुढचे हप्ते थकले. तेथील लँड डिपार्टमेंटमार्फत ३० दिवसांची नोटीस दिली जाते. तरीही पैसे आले नाहीत, तर विकासकाला करार रद्द करून किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेता येते. हे पंचवीस टक्के भरलेल्या रकमेचे नव्हेत, संपूर्ण किमतीचे! म्हणजे अडीच लाखांपर्यंत. भरलेले दोन लाख त्यात सहज बुडतात. बांधकाम ६० टक्क्यांच्या पुढे गेले असेल, तर हेच प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने नोंदणीकृत करार झाल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास विकासकाला मनाई आहे. त्या संरक्षणाची सवय झालेला माणूस तेच कवच सर्वत्र असेल असे गृहीत धरतो. त्यात रुपयाची गोष्ट वेगळीच. २००८च्या आरंभी सुमारे ११ रुपयांना मिळणारा दिरहम आज दुपटीहून महाग आहे. हप्ता दिरहममध्ये ठरलेला आणि निवृत्तिवेतन रुपयांत, हा मेळ कसा बसणार?

आता भाषेचा प्रश्न. करार बहुधा इंग्रजी आणि अरबी अशा दोन रकान्यांत असतो. आपण इंग्रजी रकाना चाळतो. अरबीकडे नक्षीकाम म्हणून पाहतो. पण दुबईच्या न्यायालयांचे कामकाज अरबीतून चालते, आणि दोन्ही मजकुरांत तफावत निघाली तर वजन अरबीला. गंमत अशी की मालक, हक्क, वारस, वकील हे आपल्या कचेऱ्यांतले नित्याचे शब्द मुळात अरबीच! शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, त्यामागे राजव्यवहार परक्या शब्दांच्या ओझ्याखाली राहू नये हीच दृष्टी होती. ती दृष्टी आपण घरच्या दस्तांतही पाळत नाही, हे कबूल केले पाहिजे. आपल्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात इंग्रजी करारावर अंगठा उठविणाऱ्यांपैकी तो वाचलेले किती निघतील? दुबईला जाताना ही खोड सामानासोबत जाते, एवढेच. तेथील न्याय मंत्रालयाच्या अधिकृत भाषांतरकाराकडून मजकूर पडताळून घेण्याचा खर्च किमतीच्या मानाने किरकोळ असतो. हस्तांतराच्या नोंदणीचे शुल्क ४ टक्के आहे. ते मात्र कुरकुर न करता भरले जाते.

हक्क कोणता मिळतो, हेही पाहावे. परदेशीयांना ठरावीक भागांतच पूर्ण मालकी मिळते. अन्यत्र ९९ वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा केवळ उपभोगाचा हक्क असू शकतो. माहितीपत्रकावर समुद्र सर्वत्र सारखाच निळा असतो.

ज्यांना प्रत्यक्ष जाणे जमत नाही, ते मुखत्यारपत्र देतात. त्याला येथे नोटरी, शासकीय साक्षांकन, अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का आणि तेथे अरबी भाषांतर इतके सोपस्कार लागतात. या धावपळीला कंटाळून ‘एकदाच काय ते सर्वाधिकार देऊन टाका’ असा सल्ला दलाल देतो, आणि खरेदीच्या कामासाठी लिहिलेल्या कागदात विक्रीचा, गहाणाचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकारही जातो. मुखत्यारपत्रात सदनिकेचा क्रमांक, नेमके काम आणि मुदत लिहिलेली असावी. तो दलालाचाच माणूस असेल, तर देऊच नये.

सर्वांत नाजूक प्रश्न नावाचा. या योजनेचा लाभ व्यक्तीलाच मिळतो. एकत्र हिंदू कुटुंबाच्या नावे, कर्त्याच्या सहीने असे पैसे पाठविता येत नाहीत. मग व्यवहारात असे घडते की वडिलांची भविष्यनिर्वाह निधीची पुंजी मुलाला बक्षीस म्हणून जाते आणि दस्तावर एकट्या मुलाचे, फार तर सुनेचे, नाव चढते. पुढे काही बरेवाईट झाले तर? अमिरातीच्या २०२२च्या ४१ क्रमांकाच्या कायद्याने बिगर-मुस्लिमांसाठी नवी वारसापद्धत आणली. ती फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आहे. मृत्युपत्र नसेल आणि वारसांनी स्वदेशाच्या कायद्याची मागणी केली नसेल, तर निम्मी मिळकत पत्नीला व निम्मी मुलामुलींना समान मिळते. मुले असतील, तर मृताच्या आईला त्यात वाटा नाही. आपल्या १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलाच्या विधवेच्या व मुलांच्या बरोबरीने आई पहिल्या वर्गाची वारस आहे. जिच्या पतीच्या कष्टाच्या पैशातून ते घर उभे राहिले, त्या माउलीच्या वाट्याला काहीच न येणे, हे केवळ एका न केलेल्या मृत्युपत्रामुळे घडू शकते. असे मृत्युपत्र दुबईत नोंदविण्याची सोय आहे.

आणि आई-वडिलांचे नाव दस्तावर असूच नये, असाही नियम नाही. आपल्या २०२२च्या परदेशी गुंतवणूकविषयक नियमांनी निवासी भारतीयास परदेशस्थ नातेवाइकासह संयुक्त नावाने मिळकत घेण्याची मुभा दिली आहे. तसे केल्यास आयकर विवरणपत्रात परदेशातील मिळकत दरवर्षी दाखवावी लागते, भाडे आले तर ते येथेही मोजावे लागते, आणि दडविल्यास २०१५च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे. एवढे पथ्य पाळण्याची तयारी हवी. मात्र नाव घालायचे ते पहिल्याच करारात, पहिला हप्ता जाण्यापूर्वी. नंतर चढवायचे म्हटले की विकासकाची संमती, पुन्हा हस्तांतर, पुन्हा शुल्क हे ओघाने आलेच. आणि मुलाकडे तो विषय काढण्याचा संकोच त्याहून मोठा.