हुद्दा मथळ्यात यायला हवा



आपल्या भागातला फौजी शहीद झाला की बातमीत तो नुसता ‘जवान’ असतो. अधिकारी असेल तर कॅप्टन, मेजर हे मथळ्यातच येतं. लान्स नाईक आणि नाईक मात्र अनेकदा आतल्या मजकुरातही सापडत नाहीत. चौकातल्या फलकांवरही तीच गत. हे बदलायला हवं.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथे खरं तर हे हुद्दे समजावून सांगायची वेळ येऊ नये. शिपायाचा दंड मोकळा असतो. लान्स नाईकाला एक फीत, नाईकाला दोन, हवालदाराला तीन. पहिली फीत चढली की कालपर्यंत बरोबरीने वागणाऱ्या सोबत्यांना हुकूम द्यायचा आणि त्यांच्या चुकीचा जाबही आपणच द्यायचा.

याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या हाताखालची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. ते सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायलाही उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला हा माणूस दोन फितींचा तुकडीप्रमुख होता. त्यांना नुसतं ‘जवान’ म्हटलं तर तुकडीची जबाबदारी कोणावर होती, हेच वाचकाला कळत नाही.

‘जवान’मध्ये आपुलकी आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या घरच्यांना त्याच्या बढतीची तारीख पाठ असते, पेन्शनही हुद्दा आणि नोकरीची वर्षं पाहून ठरते, त्याचा हुद्दा आपणच का गाळावा? २०१६ मध्ये सियाचिनच्या बर्फाखालून सहा दिवसांनी जिवंत निघालेले आणि पुढे तीनच दिवसांत गेलेले हणमंतप्पा कोप्पद शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले. तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी लान्स नाईक हा हुद्दा लावूनच त्यांचं नाव छापलं. मग एरवी का नाही?

अग्निवीर ही २०२२ पासूनची वेगळी श्रेणी आहे, तीही तशीच लिहावी. पहिल्या दिवशी हुद्दा समजला नाही, तर दुसऱ्या दिवशी सैनिक कल्याण कार्यालयात विचारून छापावा. आणि निपाणी-चिकोडीकडच्या ग्रामपंचायतींनी नवे स्मृतिफलक बसवताना नावाआधी हुद्दा आणि नावाखाली पलटण कोरून घ्यावी.

— एक वाचक, निपाणी