उतारू उतरविण्याचा गुन्हा

गुन्हा घडला कीं नाहीं याची चौकशी न करतां दंड भरून मोकळें व्हावें, ही संवय आमच्या सुशिक्षित वर्गास अलीकडे झपाट्यानें लागत चालली आहे. म्हातारी आई रुग्णालयाच्या दाराशीं उतरवावी, तिची काठी तिच्या हातीं द्यावी आणि गाडी लगेच पुढें काढावी. चार दिवसांनीं मोबाईलवर निरोप येतो कीं, अमुक तारखेस अमुक वाजतां आपलें वाहन 'नो पार्किंग'च्या जागीं आढळलें, सबब ५०० रुपये भरावे. सोबत एक छायाचित्र असतें. त्यांत गाडी असते, तिचा नंबर असतो; उघडलेलें दार क्वचित् दिसतें, आई तर दिसतच नाहीं. घरांतील शहाणीं माणसें म्हणतात, "पांचशें रुपयांसाठीं कचेऱ्यांचे उंबरठे कोण झिजवील? भरून टाका." आमचा वाद आहे तो या शहाणपणाशीं.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १२२ वें कलम सांगतें कीं, सार्वजनिक जागीं वाहन अशा स्थितींत उभें राहूं देऊं नये कीं जेणेंकरून इतरांस धोका, अडथळा किंवा वाजवीपेक्षां अधिक गैरसोय होईल वा होण्याचा संभव असेल. या कलमाचा सारा रोख उपद्रवावर आहे. नुसत्या थांबण्याचें त्यास कांहींच वावडें नाहीं. त्याच कायद्याचें ११७ वें कलम वाहनें उभीं करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार सरकारला देतें, आणि तेथें सार्वजनिक वाहनांविषयीं बोलतांना 'उतारू घेण्यास व उतरविण्यास लागणाऱ्या वेळाहून अधिक वेळ' थांबण्याच्या जागा असा शब्दप्रयोग आहे. उतारू उतरविण्यापुरतें थांबणें निराळें व त्यापुढें तिष्ठत राहणें निराळें, ही जाणीव कायदा करणारांस पुरती होती, हें या एका शब्दप्रयोगावरून दिसून येतें.

पाट्यांकडे पाहावें तरी तेंच. कायद्याच्या परिशिष्टांत वाहतुकीच्या चिन्हांचे नमुने दिलेले आहेत. एका चिन्हांत तांबड्या वर्तुळावर एकच तिरपी रेघ आहे. तिचा अर्थ, येथें वाहन उभें करून ठेवूं नये. दुसऱ्यांत एकमेकींस छेदणाऱ्या दोन रेघा आहेत; त्यांचा अर्थ, येथें थांबूंही नये. दोन चिन्हें ज्यानें निर्माण केलीं त्यास दोन अर्थ अभिप्रेत होते, हें सांगण्यास कोणी वैयाकरण नको. एका रेघेच्या पाटीखालीं क्षणभर थांबणारास दंड करावयाचा, तर दुसरी पाटी छापण्याचा खर्च तरी कशासाठीं केला?

आम्ही 'पार्किंग' या शब्दाचा अर्थ आपल्या सोयीनें लावीत आहों, असा आक्षेप येईल. त्या आक्षेपकानें १९६८ चा रस्ता-वाहतुकीचा व्हिएन्ना करार उघडून पाहावा. भारत त्यांत १९८० सालीं सामील झाला. माणसें वा माल चढविण्या-उतरविण्यापुरतें थांबलेलें वाहन आणि त्याहून अधिक वेळ उभें असलेलें वाहन, यांच्या व्याख्या तेथें स्वतंत्र दिल्या आहेत. आणि करार तरी कशाला हवा? 'गाडी थांबली' आणि 'गाडी लावली' यांत मराठी बोलणारें लहान मूलही गोंधळ करीत नाहीं. उभ्याउभ्या येऊन गेलेला पाहुणा आपल्याकडे मुक्कामास होता, असें कोणी म्हणत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पार्किंग हें काळानें मोजावयाचें कृत्य आहे आणि छायाचित्र हें एका क्षणाचें असतें. दोन तास लावून ठेवलेली गाडी आणि वीस सेकंद थांबलेली गाडी यांचें छायाचित्र हुबेहूब एकच येतें. पुढें टेंपो अडला म्हणून खोळंबलेली गाडी त्यांत तशीच दिसते. फार काय, हळूहळू चालत असलेली गाडीही तशीच दिसते. दोषी आणि निर्दोष या दोघांस जो पुरावा एकाच रूपांत दाखवितो, त्याला पुरावा म्हणण्याचें धाडस न्यायशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाहीं. अडथळ्याचीही गोष्ट हीच. मागें वाहनें खोळंबलीं होतीं काय, पादचाऱ्यांस रस्त्यांत उतरावें लागलें काय, हें नंबराच्या पाटीवर रोखलेल्या चित्रांत कोठून दिसणार?

चौकांत हवालदार उभा असे तेव्हां त्यास निदान डोळे असत. "साहेब, आईला उतरवितों आहें, हा निघालोंच," असें त्यास म्हणतां येई. तो शिट्टी वाजवी, "चला, चला, गाडी काढा" म्हणे, आणि अर्ध्या मिनिटांत रस्ता मोकळा होई. (हवालदारांच्या अन्य गुणांविषयीं येथें आम्ही मौन धरतों, तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.) कॅमेरा रस्ता मोकळा करीत नाहीं. जी गाडी दोन तास वाट अडवून राहिली ती दोन तास तशीच राहते, आणि तिच्या मालकाकडे जाणारा निरोप अर्ध्या मिनिटांत निघून गेलेल्याकडेही त्याच भाषेंत जातो.

यंत्रास काळ मोजतां येत नाहीं असें मात्र नाहीं. इंग्लंडांत खासगी पार्किंगच्या आवारांत गाडी आंत येतांना व बाहेर जातांना असे दोन्ही वेळ कॅमेरा टिपतो. दोन तासांच्या मोफत मुदतीहून ५६ मिनिटें अधिक राहिलेल्या एका मोटारवाल्यावरील ८५ पौंडांची आकारणी तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं योग्य ठरविली, आणि आम्हांसही ती अयोग्य वाटत नाहीं. ५६ मिनिटें कोणी आईला उतरवीत नसतो. परंतु पुढच्याच वर्षीं ऑक्सफर्डच्या कौंटी न्यायालयांत निराळा खटला अपिलांत आला. एका बाईंनीं आपण राहत असलेल्या इमारतीच्या दाराशीं गाडी थांबवून एक टेबल आंत नेलें, तेवढ्यावरून त्यांस दंड झाला होता. सामान उतरविण्यापुरतें थांबणें हें पार्किंग नव्हे, असा स्वच्छ निर्णय न्यायाधीशांनीं दिला. त्याहून बोलकी गोष्ट ही कीं, २०१५ सालींच तेथील संसदेनें कायदा करून इंग्लंडांतील स्थानिक संस्थांस केवळ कॅमेऱ्याच्या आधारें पार्किंगचा दंड टपालानें धाडण्यास बहुतेक ठिकाणीं मनाई केली. दंडाचा कागद माणसानें जागेवर जाऊन लावावा असें ठरलें. शाळांचीं दारें, बसथांबे असे कांहीं अपवाद ठेवले, हें प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. पण तेथें न थांबण्याच्या खुणा रस्त्यावरच ठळक रंगविलेल्या असतात.

आमच्याकडे कागदावर तरी कांहीं कमी नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें कॅमेऱ्यांविषयीं नियम घातले. यंत्रास प्रमाणपत्र असावें, कॅमेरा असल्याची पाटी ठळक लावावी, नोटीस १५ दिवसांत जावी, गुन्हा व नंबर दोन्ही स्पष्ट दिसतील असें छायाचित्र जोडावें, निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवावी, अशा त्यांतील अटी होत्या. गुन्हा दिसेल असें छायाचित्र! ही एकच अट पाळावयाची म्हटली तर निदान कांहीं मिनिटांच्या अंतरानें घेतलेलीं दोन चित्रें हवींत. प्रत्यक्षांत काय चालत होतें याची कल्पना यावरून यावी कीं, शिपायांनीं खासगी मोबाईलवर छायाचित्रें काढून मागाहून चलान करूं नये, असें परिपत्रक २०२५ सालीं महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांस काढावें लागलें.

'भरून टाका' म्हणणाऱ्या शहाण्यांस आतां विचारूं कीं, भरण्याचा अर्थ काय? कायद्याच्या भाषेंत ती गुन्ह्याची तडजोड होय. १७७ व्या कलमानें पहिल्या खेपेस दंडाची मर्यादा ५०० रुपये आहे व पुढील खेपेस ती १५०० होते. म्हणजे आज निमूटपणें भरलेले ५०० उद्यां आपला 'पूर्वीचा गुन्हा' म्हणून आपल्याच अंगावर येऊं शकतात. कित्येक जण भरीत नाहींत व लोकअदालतीची वाट पाहतात. पण लोकअदालतींत घासाघीस होते, निर्दोषता ठरत नाहीं. पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, परंतु जें खातें दंड करतें तेंच ती तक्रार वाचतें. शिवाय प्रश्न एकट्या मोटारवाल्या कुटुंबांचा नाहीं. उतारू घेणें व उतरविणें हाच ज्याचा धंदा त्या रिक्षावाल्यानें दिवसांत पंचवीस वेळां हा 'गुन्हा' केल्यावांचून पोट कसें भरावें? दादर, ठाणें, पुणें यांसारख्या स्थानकांबाहेर तो हवेंत उतारू सोडील काय? आपण पांचशें रुपये भरून स्वस्थ बसतों तेव्हां त्याच्यावर होणारी आकारणीही रूढ करीत असतों. आणि त्याची दिवसाची बरीचशी कमाई त्यांत जाते.

रस्ते अरुंद आहेत, लोक गाड्या कशाही लावतात, पदपथ गिळतात, हें आम्हांस मान्य आहे. तशांस जबर दंड व्हावा. त्यांच्या गाड्या उचलून नेल्या तरी आमचा डोळा ओला होणार नाहीं. पण माणसें उतरविण्याच्या जागा नेमण्याचा अधिकार ११७ व्या कलमानें ज्यांच्या हातीं दिला, त्यांनीं किती रुग्णालयांपुढें, किती शाळांपुढें तशा जागा आंखल्या, हा हिशेब एकदां मांडला जावा.

तोंपर्यंत ज्यास असा निरोप येईल त्यानें रक्कम भरण्यापूर्वीं लेखी विचारावें: गाडी किती मिनिटें उभी होती आणि तें कशावरून? दुसरें छायाचित्र कोठें आहे? अडथळा कोणास झाला? तेथील पाटीवर रेघा किती होत्या? रुग्णालयाचा केसपेपर, रेल्वेचें तिकीट, गाडींतील कॅमेऱ्याचें चित्रण असल्यास तें सोबत जोडावें. उत्तर न आल्यास प्रकरण न्यायालयांत जाऊं द्यावें, व तेथें गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारपक्षाकडेच ठेवावा. आणि उतारू उतरविणें हाच गुन्हा आहे असें सरकारचें खरोखर मत असेल, तर त्यानें दोन रेघांची पाटी रुग्णालयाच्या फाटकावर उघडपणें लावावी व ती लावण्याचीं कारणें नागरिकांस सांगावींत.